एसीच्या हॉलमधली पानवेल

म्हापशाच्या बसस्टँडवर ज्यांनी कधी डिचोलीच्या गाडीची वाट पाहिली आहे, त्यांच्या कानात सुमंगलाकाकींचा आवाज अजून असणारच. चौकशीच्या खिडकीमागे त्या बसायच्या, पुढ्यात माइक. आधी खर्रर्र, मग एक मोठा उसासा, मग घोषणा: “लक्ष द्या! डिचोलीची गाडी लागलेली आहे. दारात लोंबकळू नये. मागे जागा आहे, मला दिसते आहे.” त्या खिडकीतून समोरच्या चहाच्या गाड्याखेरीज काहीही दिसत नसे. पण लोक मुकाट मागे सरकायचे. निव्वळ आवाजाने बसमध्ये जागा तयार करणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

काकी निवृत्त झाल्या. माइक स्टँडवर राहिला, आवाज घरी आला. डिचोलीत त्या आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की जिन्यात घोषणा होते, “पाव आलेला आहे. उंडे संपण्यापूर्वी खाली यावे. चिमटून बघू नये.” मी हा आवाज काढला की माझी आई हातातला चमचा खाली ठेवून सरळ उभी राहते, आणि मग तोच चमचा उचलून माझ्यामागे लागते.

बोलण्याच्या बाबतीत काकी म्हणजे दोन बायका आहेत. जगाशी बोलताना छापील मराठी, घरात गोकुळदासकाकांशी पेडण्याची बोली. काकांवर खराच राग आला की मात्र त्यांच्याशीही छापील मराठी सुरू होतं, आणि काका पाय जवळ घेऊन बसतात. काका उदबत्तीच्या काडीसारखे, काकी भरल्या रांजणासारख्या. दोघं जिन्यावरून उतरताना मागून बघावं, वाटतं की रांजणात कुणीतरी उदबत्ती खोचली आहे.

काका खाणीवर टिप्पर चालवायचे. जन्मभर खाल्लेली तांबडी धूळ आता छातीत जाऊन बसली आहे. डॉक्टरांनी सांगितलं, घर बंद ठेवा, एसी लावा, धूळ आत येता कामा नये. आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात, त्यामुळे पाऊस संपला की काकींच्या घराची दारं-जनेलं बंद होतात ती पुन्हा पाऊस पडेपर्यंत. मुलगा साईश वास्कोला बंदरात कामाला आहे. त्याने येऊन हॉलमध्ये एसी बसवला, त्याच्याखाली दिवाण, दिवाणावर काका. टिप्परची केबिन म्हणजे भट्टी असायची, त्याचा सगळा सूड काका रिमोटने घेतात. “माका थंड बरां वाटता गो,” म्हणत ते आकडा खाली खाली नेतात आणि रिमोट उशीखाली सरकवतात.

तर या हॉलमध्ये एक दिवस पानवेल आली.

काकांचं मूळ घर पेडण्यात, रस्त्याच्या अगदी कडेला. तिथे त्यांची थोरली बहीण चंद्रावतीआत्या एकटी राहते. परसात एक पोफळ होती आणि पोफळीवर पानवेल, आजोबांच्या आजोबांनी लावलेली. चैत्रात गावच्या देवीची जत्रा असते. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याआधी देवीपुढे जो विडा ठेवतात, त्याची जोडपानं याच वेलीची. या घराला देवळात एवढाच एक मान आहे, पण तो आहे, आणि गावात कुणी तो विसरू देत नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा परस गेलं, पोफळ गेली. आत्याने वेलीचा हातभर तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि बसच्या कंडक्टरच्या हातात दिला. दारातच मशीन खणत होतं, विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं, लावणार कुठे?

मग तिचा फोन आला. आत्याचा आवाज बारीक, पण सुईसारखा. “सुमंगला, आयकतंस मगे? जत्रेक दोन पानां व्हयी. आपल्या वेलीची. बाजारचा पान आजपर्यंत देवीफुडे गेलेला नाय.”

“देते, वन्सं,” काकी म्हणाल्या. नुसतं ‘बघते’ म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण स्टँडवर इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडून गाडी येईल की नाही याबद्दल ‘बघते’ कसं निघणार?

आधी वेल बाल्कनीत ठेवली. चार दिवसांत ट्रकांच्या धुळीने पानं विटेच्या रंगाची झाली, आणि मावळतीच्या उन्हाने कडा भाजल्या. म्हणून ती आत आली. हॉलमध्ये उजेड पडतो तो एकाच जनेलातून, काचेआडून, आणि त्या जनेलाच्या बरोबर वर एसी. वेलीला तिथेच जागा मिळाली. शेजारी काकींच्या आधीच्या दोन-तीन कुंड्या होत्या. थंडी सुरू होता होता वेलीला एक नवं पान आलं आणि काकींनी जिन्यात घोषणा केली की जत्रेची गाडी वेळेवर आहे.

आणि मग बांगडे आले.

आमच्याकडे नुस्तं, म्हणजे मासळी, धुतलेलं पाणी कुणी मोरीत ओतत नाही. ते परसात जातं, कढीपत्त्याच्या बुडाशी, माडाच्या बुडाशी, आणि कढीपत्ता माणसाच्या डोक्याएवढा वाढतो. काकींचा हात त्याच सवयीचा. टोप घेऊन त्या हॉलमध्ये आल्या आणि रांगेने ओतत गेल्या. कुंडी, कुंडी, कुंडी, पानवेल. हात थांबलाच नाही.

परसात वारा असतो, मुंग्या असतात, कावळे असतात. बंद हॉलमध्ये एसी होता. त्याने तो वास ओढून घेतला, थंड केला आणि घरभर सारखा वाटला. संध्याकाळपर्यंत काकांच्या उशीला बांगड्याचा वास, देवघराला बांगड्याचा वास. जिन्यात कुठूनशी मांजरं येऊन बसली. माझी आई नाकाला पदर लावून दारात उभी. खालच्या मजल्यावरचे यशवंतकाका बँकेतून आले ते “आज कुणाकडे आहे?” असं आशेने विचारत वर चढले.

“प्रवाशांना कळविण्यात येते,” काकी आतून म्हणाल्या, “की कोणाकडेही काही नाही. आपापल्या घरी जावे.”

वास एकवेळ गेला असता. पण काकांनी सहज म्हणून बहिणीला फोनवर सांगून टाकलं. पुढचं आम्हाला स्पीकर न लावताच ऐकू आलं.

“पानवेलीक नुस्त्याचा पाणी? गे बाये! पाय धुतल्याबगर त्या वेलीक कोण हात लावणा नाय! आणि तू बांगड्याचा पाणी घालतंस? देवीक काय सांगू मी? बांगड्याचो विडो घे म्हणू?”

काकी उभ्या होत्या त्या बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाय धुतले, आंघोळ तर आधीच झाली होती, आणि वेल मुळापासून सोडवली. मुळं बाल्दीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवून काढली. नवी माती, थोडं शेणखत, थोडी वाळू, नवी कुंडी. वेलीला चढायला म्हणून नारळाची सोडणं एका काठीभोवती सुतळीने बांधली आणि तो खांब भिजवून मध्ये उभा केला. पोफळ नाही तर नाही, निदान माडाचं काहीतरी अंगाला लागू दे.

पण पानं गळतच राहिली. आधी टोकं तपकिरी व्हायची, मग कडा, मग एका सकाळी पान देठासकट खाली. काकी दिवसातून दोनदा पाणी घालू लागल्या, तर देठ मऊ पडले. जत्रा चैत्रातच होती, ती काही पुढे सरकणार नव्हती. शिमग्याचे ढोल वाजू लागले तेव्हा वेलीवर एकच म्हातारं पान राहिलं होतं, अर्धं पिवळं.

याच दिवसांत एका दुपारी मी कैऱ्या द्यायला गेले, तर हॉल गरम. काका दिवाणावर बसून खोकत होते, घामाने बनियन भिजलेलं, आणि एसी बंद. काकी बाजारातून आल्या त्या माझ्या पाठोपाठच.

“वीज गेली?”

काकांनी बनियनने कपाळ पुसलं.

“पंखा फिरतोय. वीज गेलेली नाही. एसी कोणी बंद केला?” छापील मराठी. काकांनी पाय जवळ घेतले.

“वेल मरता गो,” ते खोकत म्हणाले. “माझ्या थंडीन मरता. दुपारची जरा बंद ठेवतंय.” खोकल्याची आणखी एक उबळ आली. “माका काय, मी बसान घाम पुशीत.”

काकींनी रिमोट घेतला, एसी लावला, पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग बोली परत आली. “वेलीसाठी माणूस मारूचो आसा काय माका? शाणो गावलो! देवी वेल मागता तशी तुमकाय मागात, मगे मी काय देवू?”

खोकला थांबेपर्यंत त्या उठल्या नाहीत. आणि मग त्यांनी जे केलं ते मी दारात उभी राहून पाहिलं आहे, कुणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं. त्यांनी वेलीची कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी स्वतःची खुर्ची मांडली. डोकं ओलं करून आल्या, केस मोकळे सोडले आणि एसीच्या तोंडाखाली बसल्या.

“काय करतंस?” काका म्हणाले.

“सीट बघतंय.”

संध्याकाळी आईने मला डबा द्यायला पाठवलं तेव्हा त्या तिथेच होत्या. केस खडखडीत, ओठ फुटलेले, डोळे लाल. पण तोंडावर असा आनंद की जणू हरवलेली बस सापडली आहे.

“बस गो, सांगतंय तुका,” त्या मला म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता, तो मी अजून नीट काढू शकत नाही. “सकाळची म्हापशाची गाडी आठव. माणूस माणसाक चिकटलेला. जनेलाच्या काचांका वाफ. साडयेची इस्त्री पेडण्याक पोचण्याआधीच गेलेली.”

“ती गाडी पेडण्याला जातच नाही, काकी.”

“गप. आणि आता ती रिकामी एसी बस आठव. पणजीची. मधल्या सीटवर आपण एकट्या. उतरेपर्यंत घसो सुको. कित्याक? माणसांच्या श्वासाचा पाणी नाय, घामाचा पाणी नाय. जो ओलावो आसा तो एसी ओढता आणि भायर टाकता. ही वेल त्या रिकाम्या बशीत बसली आसा. ती पण जनेलाकडच्या सीटवर, वारो तोंडार!”

दुसऱ्या दिवशी जिन्यात घोषणा झाली. इमारतीतल्या लोकांनी आपापल्या घरातली आजारी झाडं काकींच्या हॉलमध्ये आणून द्यावीत, सुट्टे पैसे लागणार नाहीत.

आजारी झाडं सगळ्यांकडेच होती, कारण एसी सगळ्यांकडेच होता. आईची पीस लिली सदा मान टाकलेली. यशवंतकाकांचा मनी प्लांट टीव्हीमागे लिंबासारखा पिवळा. कुणाचा नेचा काठाने कुरकुरीत, हात लावला तर पापडासारखा मोडायचा. एकेक जण कुंडी कडेवर घेऊन आला आणि काकी दारात उभ्या राहून प्रत्येकाला सीट देत गेल्या.

“स्नेक प्लांट? या. तुम्ही पासधारक, तुमची कधी तक्रार नाही, पाणी विचारलं तरी नको म्हणता. वाऱ्याकडे बसा. लिली, तुला चक्कर येते, तू मध्ये. यशवंतराव, हा तुमचा मनी प्लांट की हळदीचं पान? टीव्हीमागे उजेड येतो काय कधी? उजेडाकडे. पाठीमागे सरा, अजून जागा आहे!”

वेल मधोमध, एसीच्या झोतापासून दूर, जनेलाच्या उजेडात, चारी बाजूंनी झाडं. एसीच्या पट्ट्या त्यांनी वर वळवल्या, म्हणजे वारा छताला लागून खाली येईल, कुणाच्या तोंडावर थेट बसणार नाही. परातींमध्ये चिऱ्याची बारीक खडी पसरली, तिच्यावर कुंड्या, आणि खडीत पाणी, कुंडीच्या बुडाला टेकणार नाही एवढंच. ते पाणी कुठलं, तर एसीचं. बाल्कनीत त्याची नळी टपटपत असते, तिच्याखाली त्यांनी बाल्दी ठेवली.

“आमच्याच हॉलातलो ओलावो चोरून भायर नेता काय?” त्या एसीकडे बोट करून म्हणाल्या. “हाड तो परत हय!”

रोज सकाळी सोडणांच्या खांबावर पाणी शिंपडायचं. पानं ओल्या फडक्याने पुसायची. आईने लिलीला तेल लावून चकाकी आणायचा प्रकार केला होता, त्यावर तिला माइकशिवाय जेवढं ओरडता येतं तेवढं ऐकावं लागलं. “तोंडाला तेल फासून नाक बुजवून बस बघू तू!” आणि कुंडीत पाणी घालायचं ते बोटाला विचारून. काकी बोट मातीत खुपसायच्या, पेरभर. ओलं लागलं तर “तिकीट झालेलं आहे,” म्हणून पुढे. कोरडं लागलं तरच तांब्या. एसीत माती वरून कोरडी दिसते आणि आत चिखल असतो, वेलीचे देठ मऊ का पडले होते ते त्यांना आता कळलं होतं.

राहता राहिला रिमोट. दोघांची बोलणी काही दिवस चालली. काकांचं म्हणणं सोळा, काकींचं अठ्ठावीस. डॉक्टरांना धूळ नको होती, हिमालय नको होता, हे काकींनी फोन करून विचारून घेतलं. सव्वीसवर समेट झाला. तो काका पाळत होते असं मी म्हणणार नाही.

ते अर्धं पिवळं पान गळालं. आता नुसती दोरीसारखी वेल उरली. काकी तिच्यासमोर बसून राहायच्या, न बोलता, आणि त्यांचं न बोलणं आम्हाला जिन्यातसुद्धा ऐकू यायचं. आत्याचा फोन आला की त्या “गाडी निघाली आहे” एवढंच सांगायच्या. मग एका सकाळी काकांनी दिवाणावरून हाक मारली, “अगो! शेंड्याक काय तरी आसा!” शेंड्याला हिरवा कोंब होता, उदबत्तीच्या टोकाएवढा.

ते पान उलगडलं, मोठं झालं, हाताच्या पंजाएवढं, काळसर हिरवं, चमकदार. पण एकच. दुसरं निघालं तेव्हा जत्रा दारात आली होती. रोज काकी त्याला म्हणायच्या, “चल, चल, वेळ झाली,” आणि ते आपल्याच गतीने, आमच्या डिचोलीच्या गाडीसारखं.

जत्रेच्या सकाळी आत्या स्वतः आली. साईश तिला आणि काकींना गाडीने देवळात नेणार होता. आत्याने दारातच पाय धुतले, हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थबकली. झाडांच्या गर्दीतून काकांचं फक्त डोकं दिसत होतं.

“ह्यां घर की रान?”

“बसा, वन्सं. मागे जागा आहे.”

आत्या वेलीपाशी गेली. वाकून बघितलं, पान उलटून बघितलं, वाससुद्धा घेतला. “नुस्त्याचा पाणी ह्याच वेलीक घातला मगे?”

“ती माती गेली. तेव्हाची पानांय गेली. एकूण एक. ही दोनूय नवी, न्हावन धुवन इलेली.”

“हुं.” आत्याने दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. एक पंजाएवढं, दुसरं माझ्या अंगठ्याएवढं, अजून पोपटी. “आणि ही जोड? एक भोपळो, एक भेंडी? ही काय जोड म्हणतत?”

काकी आत्याकडे बघत होत्या. मग त्या उठल्या, दिवाणाकडे गेल्या आणि काकांच्या बाजूला टेकून बसल्या. दिवाण एका बाजूला कलला, काका त्यांच्या खांद्यावर आले.

“आमका बघा,” काकी म्हणाल्या. “आमी जोड न्हय?”

आत्याने बघितलं. रांजण बघितला, उदबत्ती बघितली. तोंडावर पदर घेतला, पण खांदे हलायला लागले, आणि मग ती एवढी हसली की डोळे पुसावे लागले. “चल,” ती म्हणाली, “तोड. देवीक ठाऊक आसा आमच्या घरचा.”

पानं काकींनी काकांकडून तोडून घेतली. ओल्या फडक्यात गुंडाळली आणि निघाल्या. काकांना धुळीत नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर राहिले. साईशने देवळातून व्हिडिओ कॉल लावला, तो हलत होता, मध्येच कुणाची पाठ, मध्येच घंटा. मग स्थिर झाला. देवीपुढे तांब्याचं ताट, त्यात सुपारी, आणि एकावर एक दोन पानं. मोठ्याच्या मांडीवर लहान बसवलं होतं. काकांनी फोन इतका जवळ धरला की त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली.

गावचे सगुणमामा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. “आई माउली... आज तुझ्या लेकरान वेलीची जोडपानां तुझ्या पायांकडे हाडून ठेयली आसत... ती मानून घे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” देऊळ म्हणालं.

“न्हानाक मोठा कर, मोठ्याक सांभाळ... आणि जो कोण आज हय येवक पावलो नाय, तेचीय राखण कर म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

फोनवर सगळं जरा उशिरा पोचतं. देऊळ गप्प झालं आणि मग आमच्या हॉलमधून काकांचं एकट्याचं “व्हय म्हाराजा!” गेलं, खणखणीत, न खोकता. तिथे सगळं देऊळ मागे वळून फोनकडे बघायला लागलं. कुणीतरी हसलं. सगुणमामाही हसले.

पडद्यावर काकींचा चेहरा आला, अर्धाच, एक डोळा आणि कुंकू. डोळ्यात पाणी होतं. त्यांनी मोठा उसासा टाकला.

“हॉलमधल्या प्रवाशांनी लक्ष द्यावे,” त्या म्हणाल्या. “एसी कितीवर आहे?”

काका दचकले. “सव्वीस.”

“सव्वीस करा. मला दिसते आहे.”

आमचा फोन तेव्हा काकांच्या मांडीवर छताकडे तोंड करून होता. त्यांना काय दिसणार होतं? काकांनी माझ्याकडे बघितलं, वेलीकडे बघितलं, उशीखालून रिमोट काढला. टुक्. टुक्. टुक्. वाजतच राहिलं.

“व्हय म्हाराजा,” काका म्हणाले.